दाण्याच्या टोकाची खाच

शिजवायला घेतलेल्या तांदळातला एक दाणा उजेडाकडे धरून पाहा. त्याचं एक टोक निमुळतं आणि अखंड असतं. दुसऱ्या टोकाला, एका कडेला, बारीक तिरकी खाच असते. इंद्रायणी घ्या, कोलम घ्या, बासमती घ्या. खाच असतेच, आणि ती नेहमी त्याच जागी असते. या जागेत भाताचं रोप बसलेलं होतं. जेमतेम दोन मिलिमीटरचं, पण मूळ, खोडाचं टोक, कोवळी पानं असं सगळं अंग घेऊन तयार. गिरणीत तांदूळ पांढरा होताना ते कोंड्याबरोबर निघून गेलं, आणि आपल्या ताटात आलं ते त्याचं जुळं भावंड.

शाळेत आपण शिकलो की बीमध्ये बाळरोप असतं आणि त्याच्यासाठी अन्नाचा साठा असतो. साठा म्हटलं की आईनं भरून दिलेला डबा डोळ्यांपुढे येतो. भातात तसं होत नाही. ज्या परागकणामुळे ते बाळ जन्माला येतं, त्याच परागकणामुळे, त्याच फुलात, त्याच वेळी आणखी एक जीव जन्माला येतो. त्याला कधी मूळ फुटत नाही, पान फुटत नाही. तीन-चार आठवडे तो फक्त भरत जातो, भरता भरता मरतो, आणि मेल्यावर त्याचं अंग भावंडाच्या कामी येतं. गव्हाचा रवा-मैदा हाच जीव. ज्वारी-बाजरीच्या पिठाचा मोठा भाग हाच. मक्याच्या कणसातही तोच. माणसाचं बहुतेक सगळं धान्य म्हणजे न उगवलेली जुळी भावंडं आहेत, हे कळल्यापासून भाताच्या शेताकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

ही गोष्ट सांगायला लोहगडवाडीसारखी जागा नाही. मळवली स्टेशनवर उतरायचं, भाजे गाव मागे टाकून चढ चढायचा, गायमुख खिंडीत पोचलं की एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर, आणि गडाच्या पायथ्याला ही वाडी. जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून, आणि तो मान त्याला शोभतोच. पण येणाऱ्याची नजर सगळा वेळ दरवाजांवर आणि विंचूकाटा नावाच्या गडाच्या सोंडेवर असते. तिनं थोडं खाली यावं. मावळ हा भाताचा मुलूख आहे. उताराला बांध घालून पाणी अडवलेली खाचरं इथे डोंगराच्या कुशीपर्यंत चढलेली दिसतात. याच तालुक्यात, वडगाव मावळला, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. सुवासाचा आंबेमोहोर १५७ आणि भरघोस पिकणारा आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण तिथेच तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हातात आला. शिवाय खाचरांच्या वरच्या उतारांवर जांभळं आहेत, करवंदं आहेत, कारवी आहे, पावसाळ्यात आमरीची फुलं आहेत. बी कसं असावं या एकाच प्रश्नाला वनस्पतींनी दिलेली किती वेगवेगळी उत्तरं इथे एका फेरीत पाहायला मिळतात!

सुरुवात फुलापासून करावी लागेल. सप्टेंबरच्या सुमाराला भात पोटरीत येतं, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असते आणि ताटाचं पोट फुगलेलं दिसतं. मग लोंबी बाहेर पडते, भात निसवतं. निसवलेल्या लोंबीवरचा एकेक हिरवा दाणा म्हणजे दाणा नव्हे, मिटलेलं फूल. ज्याला आपण पुढे तूस म्हणतो ती दोन टरफलं त्या फुलाची. त्यांच्या आत सहा पुंकेसर, पिसासारखे दोन फाटे असलेला स्त्रीकेसर, आणि तळाशी एक इवलासा अंडाशय, त्यात एकच बीजांड. टरफलांच्या बुडाशी दोन नाजूक खवले असतात. सकाळचं ऊन जरा तापलं की ते पाणी ओढून फुगतात आणि टरफलं एकमेकांपासून ढकलली जातात. फूल उघडतं. पिवळसर पुंकेसर बाहेर लोंबू लागतात. हे सगळं तासाभराचं काम. मग टरफलं मिटतात ती कायमची. पाकळ्या नाहीत, रंग नाही, म्हणून बांधावरून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही की अख्खं शेत आत्ता फुललेलं आहे.

उघडतानाच परागकण शेजारच्या पिसावर सांडतात. भाताचा परागकण पाच-दहा मिनिटांपलीकडे फारसा टिकत नाही, पण त्याला तेवढा वेळ पुरतो. मिनिटा-दोन मिनिटांत त्याला नळी फुटते, ती आत शिरते आणि बीजांडापर्यंत पोचते. नळीतून दोन पुंबीजं येतात. दोन का? एक अंडपेशीशी मिळतं आणि त्यातून भ्रूण तयार होतो, हे समजण्यासारखं आहे. दुसरं वाया जात असेल असं वाटेल. ते जात नाही. अंडपेशीच्या शेजारी एक मोठी पेशी असते, तिच्यात दोन केंद्रकं असतात, आणि दुसरं पुंबीज जाऊन त्या दोघांना मिळतं. भाताच्या पुंबीजात १२ गुणसूत्रं असतात. अंडपेशीतही १२. म्हणून भ्रूणात २४. शेजारच्या पेशीत मात्र १२, १२ आणि १२ मिळून ३६. हा ३६ गुणसूत्रांचा जीव म्हणजे भ्रूणपोष. त्याला आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. आईकडचे दोन्ही वाटे अंडपेशीतल्या वाट्यासारखेच हुबेहूब, आणि दोन्ही पुंबीजंही एकमेकांसारखी. म्हणून जुळं म्हणायचं: गुण तेच, फक्त आईचा अंश दुप्पट.

हे दुहेरी फलन पहिल्यांदा नजरेस पडलं ते १८९८ मध्ये. कीव्हला काम करणारे सर्गेई नवाशिन लिलीच्या कुळातल्या फुलांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या लेओं गिन्यार यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. म्हणजे माणूस हजारो वर्षं भात पिकवत आणि खात आला आणि आपण नक्की कोणाला खातो हे त्याला कळून सव्वाशे वर्षं जेमतेम झाली आहेत.

या व्यवस्थेतली काटकसर पाहण्यासारखी आहे. पाईन, देवदार, सायकस यांच्या बीमधलं अन्न आईच्या बाजूचं असतं आणि त्याची तयारी गर्भ राहण्याआधीच सुरू होते. गर्भ राहिला नाही तर तो खर्च बुडाला. फुलझाडांनी हा हिशेब बदलला. फलन झालं तरच अन्न भरायचं, कारण अन्न भरणारा जीवच फलनातून जन्मतो. याचा पुरावा प्रत्येक भातशेतात असतो. फुलोऱ्याच्या दिवसांत पावसानं झोडपलं की काही फुलांना परागच मिळत नाही. त्यांची टरफलं पूर्ण वाढलेली असतात, बाहेरून दाणा धडधाकट दिसतो, पण दाबला की आत पोकळ. शेतकरी त्याला पळंज म्हणतो आणि वारं देऊन उडवून टाकतो. तूस आईचं, ते आधीच तयार असतं. आतलं भरणं दोन्ही भावंडांच्या जन्मावर अवलंबून.

तेव्हा भाताचा एक दाणा सोलताना आपण नात्यांतून आत जात असतो. बाहेरचं तूस हे मागच्या पिढीच्या फुलाचं. त्याखालची पातळ साल, जिच्यामुळे लाल तांदूळ लाल दिसतो, ती अंडाशयाची भिंत आणि बीजावरण. तीही आईचीच, म्हणून पराग कुठल्याही वाणाचा पडला तरी त्या वर्षीच्या दाण्याच्या सालीचा रंग आईचाच राहतो. त्या सालीच्या आत मोठा पांढरा गर आणि त्याभोवतीचा पेशींचा एक नाजूक थर, हे जुळं भावंड. आणि बुडाच्या कोपऱ्यात स्वतः बाळ. वजनाच्या हिशेबानं बाळ दाण्याच्या दोन-तीन टक्के भरतं. बाकी सगळा पसारा त्याच्यासाठी.

फलन झाल्यावर पहिले काही दिवस भावंड बाळापेक्षा कितीतरी जोरात वाढतं. त्याची केंद्रकं भराभर दुप्पट होत जातात, पण मध्ये भिंती घालायला ते थांबत नाही. एकाच रसात शेकडो केंद्रकं. तीन-चार दिवसांनी भिंती पडतात, पेशी वेगळ्या होतात आणि त्यांत स्टार्चचे कण साठू लागतात. याच सुमाराला दाणा चिमटीत दाबला तर पांढरं दूध बाहेर येतं. शेतकरी ‘दूध भरलं’ म्हणतात, ते अक्षरशः पाहून. मग दूध घट्ट होतं, चीक होतो, पुढे दाणा कडक होत जातो. फलनानंतरच्या दहा-बारा दिवसांत बाळाचे सगळे अवयव तयार होतात: मुळाचा कोंब, त्यावरचं टोपण, खोडाचं टोक, त्याभोवतीचं आवरण, आणि पहिली तीन पानं, एकात एक गुंडाळलेली.

भातात तीन-चार दिवस टिकणारी ती रसाची अवस्था आपण एरवी आवडीनं पितो. शहाळ्याचं पाणी म्हणजे नारळाचा भ्रूणपोष, भिंती पडायच्या आधीचा, आणि तो महिनोन्महिने तसाच राहतो. कडेनं भिंती पडत येतात ते खोबरं. कडधान्यांनी तिसराच मार्ग धरला. भात कापल्यावर मावळात खाचराच्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल घेतात. त्यांच्याही फुलात जुळं भावंड जन्मतंच, पण शेंग झाडावर असतानाच बाळ त्याला संपवून टाकतं आणि सगळं अन्न आपल्याच दोन पानांत भरून ठेवतं. ती दोन जाडजूड पानं म्हणजे डाळ. वरण-भात कालवताना आपण एका झाडाचं भावंड आणि दुसऱ्या झाडाचं प्रत्यक्ष बाळ एकत्र करत असतो.

आणि लोहगडाच्या उतारावरची आमरी पाहा. पहिल्या पावसानंतर गवतात वर येणारी ही जमिनीवरची ऑर्किडं. ऑर्किडांमध्ये ते भावंड जन्मतच नाही किंवा जन्मून लगेच विरून जातं. म्हणून त्यांची बी धुळीसारखी हलकी असते, एका बोंडात हजारोंनी, वाऱ्यावर कुठेही जाईल अशी. पण तिच्यापाशी शिदोरी अजिबात नाही. अशी बी नुसत्या ओलीवर रुजत नाही. जमिनीतली विशिष्ट बुरशी तिच्यात शिरावी लागते आणि तिच्याकडून अन्न मिळालं तरच ती वाढते. हे १८९९ मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी शोधलं, नवाशिनांच्या शोधानंतर वर्षभरातच. उतारावरच्या माती-बुरशीला हात लावला की आमरी का नाहीशी होते, याचं उत्तर तिच्या बीच्या या रिकामेपणात आहे. आमरी उपटून घरी नेणाऱ्यांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

पुन्हा भाताकडे. दाणा भरत असतानाच, फुलोऱ्यानंतर आठवडाभरात, गराच्या मधल्या पेशी मरायला लागतात. हा अपघात नव्हे, ठरलेला क्रम आहे: आतून बाहेर, एकेक पेशी स्टार्चनं ठासून भरते आणि विझते. दाणा पिकतो तेव्हा सगळा पांढरा गर मेलेला असतो. जिवंत राहतो तो भावंडाचा फक्त बाहेरचा थर, सालीला लागून असलेला. प्रथिनं, तेल आणि ब१ जीवनसत्त्व त्या थरात आणि बाळात. तांदूळ फार पांढरा केला की नेमके हे दोन्ही जिवंत भाग जातात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावामध्ये क्रिस्तियान आइकमन यांच्या कोंबड्या पांढऱ्या तांदळावर लुळ्या पडल्या आणि बिनसडीच्या तांदळावर उठून उभ्या राहिल्या, त्याचं कारण हेच. त्यातून जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या आज्यांची बाजू भक्कम होती.

यानंतर बाळ जे करतं ते मला सगळ्यांत थक्क करणारं वाटतं. ते स्वतःला वाळवतं. कापणीनंतर उन्हात राहून दाण्यातलं पाणी १२-१३ टक्क्यांवर येतं. कुठल्याही पानाला, मुळाला एवढं वाळवलं तर ते मरेल. बाळ मरत नाही, कारण वाळण्याआधीच त्याच्या पेशींनी विशिष्ट शर्करा आणि प्रथिनं करून ठेवलेली असतात. पाणी गेलं की पेशींतला रस काचेसारखा घट्ट होतो, आणि त्या काचेत सगळी यंत्रणा जागच्या जागी थांबते. श्वास जवळजवळ बंद. कणगीत ठेवलेलं बियाणं ना पुरतं मेलेलं असतं ना नेहमीच्या अर्थानं जगत असतं. ते किती दिवस असं राहील हे ओल आणि उष्णता ठरवतात; बियाण्यातली ओल एक टक्क्यानं कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्रात ठोकताळा आहे. इस्रायलमध्ये मसाडाच्या किल्ल्यात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजवली गेली. मावळातल्या दमट हवेत भाताचं बियाणं असं टिकत नाही. एक-दोन पावसाळे गेले की त्याची उगवण उतरते. म्हणून दरवर्षी नवं बी राखावं लागतं.

सगळ्या झाडांना हे वाळणं जमत नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांनी वेळ साधली आहे. वाडीच्या वरचं जांभूळ पाऊस तोंडावर आला असताना पिकतं. त्याची बी वाळली की मेली. तिला थांबणं माहीत नाही. पडायचं आणि ओल मिळताच रुजायचं. आंबा, फणस त्याच पंथातले. जांभळाच्या एका बीमधून पुष्कळदा दोन-तीन रोपं वर येतात, हे घराजवळ बी टाकून कुणालाही पाहता येईल. कारवीचं गणित वेगळंच. सात-आठ वर्षं नुसती पानं, मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम फुलतो, आणि फुललेली झाडं मरतात. पण बोंडं लगेच उकलत नाहीत. आख्खा हिवाळा आणि उन्हाळा ती सुकत उभी राहतात. पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस पडला की भिजलेली बोंडं तडतड फुटून चपट्या बिया लांब फेकतात, नेमक्या ओल्या जमिनीवर. पाण्याची वाट पाहणं जिथे इतरांत बी करते, तिथे कारवीत ते काम बोंड करतं.

भाताच्या दाण्याला थांबणं येतं, पण माणसानं त्याची ही सवय अर्धीमुर्धी मोडली आहे. तळ्याकाठी आपोआप येणारा देवभात पाहिला तर मूळ स्वभाव कळतो. दाणा पिकला की लोंबीवरून गळून पडतो, आणि पडल्यावर महिनोन्महिने रुजत नाही. शेतकऱ्यांनी हजारो वर्षं लोंबीला चिकटून राहिलेलेच दाणे घरी नेले, कारण गळलेले हाताला लागतच नव्हते, आणि एकसाथ उगवलेलीच रोपं पुढे लावली. निवड झाली ती अशी, नकळत. न गळण्याला कारण असलेली दोन जनुकं २००६ मध्ये सापडली. दोन्हींत फरक निघाला तो एकेका अक्षराचा.

रुजण्याला रोखून धरणारं संप्रेरक म्हणजे ॲब्सिसिक आम्ल. दाणा पिकताना ते त्यात भरपूर असतं. ते कमी पडलं, किंवा वाण मुळातच उतावळा असला, तर काय होतं ते परतीचा पाऊस दाखवतो. ऑक्टोबरात पीक आडवं झालं, खाचरात पाणी साचलं, की लोंबीवरच्या दाण्यांना शेतातच मोड येतात. पेरल्यावर उगवलं नाही तर नुकसान, आणि कापण्याआधी उगवलं तरीही नुकसान. दाण्यानं किती दिवस थांबावं याची शेतकऱ्याला हवी असलेली मुदत फार अरुंद आहे: कापणी-मळणी होईपर्यंत गप्प, आणि रोहिणी-मृगात पेरल्यावर सगळे एकदम जागे.

पेरणीआधी बियाण्याची एक परीक्षा घेतात, ती घरीही करून पाहण्यासारखी आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात भात ओतून ढवळायचं. पळंज तर साध्या पाण्यातही तरंगतं, पण अर्धवट भरलेले दाणे साध्या पाण्यात बुडून फसवतात. मिठाच्या जड पाण्यात तेही वर येतात. तळाशी राहतात ते ज्यांच्या भावंडानं पोटभर साठवलेलं आहे असे दाणे. वरचे काढून टाकायचे, खालचे स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवायचे, सावलीत सुकवायचे. कृषी खात्याची ही शिफारस फार जुनी आणि फार साधी आहे. बाळ सगळ्यांत सारखंच असू शकतं. शिदोरी किती, हे आपण तोलत असतो.

आता रुजणं. मावळात बरेच शेतकरी पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफेवर पेरतात. कोकणात भिजवून, मोड आणून रहू टाकतात. दोन्हीकडे पहिली घटना एकच: दाणा पाणी ओढतो. हे ओढणं निव्वळ कोरड्या पदार्थाचं आहे, मेलेला दाणाही पाणी ओढतो. पण जिवंत दाण्यात ती काच विरघळते आणि काही तासांत श्वास सुरू होतो. आणि इथे एक गोष्ट घडते जी १९६० च्या दशकात कपाशीच्या बियांत पहिल्यांदा लक्षात आली आणि पुढे भातातही दिसली. जागा झालेला भ्रूण सुरुवातीची प्रथिनं करण्यासाठी नव्या सूचना तयार करायला थांबत नाही. गेल्या हंगामात, लोंबीवर असतानाच, लिहून ठेवलेल्या सूचना त्याच्या पेशींत वाळवून जपलेल्या असतात. जूनमधलं पहिलं काम ऑक्टोबरातल्या आज्ञेवर होतं. त्याच वेळी वाळण्यात तुटलेले गुणसूत्रांचे धागे सांधले जात असतात.

मग बाळ भावंडाला निरोप पाठवतं. बाळ आणि गर यांच्या सांध्यावर एक चपटी पट्टी असते; भाताची ती एकुलती एक दलिका. तिच्यातून जिबरेलिन नावाचं संप्रेरक बाहेर पडतं आणि भावंडाच्या त्या जिवंत राहिलेल्या थराकडे जातं. तो थर विकरं सोडू लागतो. सुरुवातीची थोडी विकरं ती पट्टीही सोडते. विकरं मेलेल्या गरात शिरतात, स्टार्च तोडून साखर करतात, आणि पट्टी ती साखर शोषून बाळाला देते. मोड आलेलं धान्य चावलं की गोडसर लागतं ते यामुळे. नाचणीला मोड आणून सत्त्व काढतात त्यामागेही हीच क्रिया. काम झालं की तो थरही मरतो.

निरोप बाळच पाठवतं हे कसं कळलं? १९६० मध्ये जपानचे योमो आणि ऑस्ट्रेलियातले पेलेग यांनी, एकमेकांच्या कामाशी संबंध नसताना, बार्लीचा दाणा कापून बाळाचा अर्धा भाग वेगळा केला. उरलेला अर्धा ओला ठेवला तरी त्यातला स्टार्च जागचा हलेना. त्यात जिबरेलिनचे थेंब टाकले आणि पचन सुरू झालं. बाळ नव्हतं, पण त्याची हाक ऐकू आली म्हणून भावंडानं आपलं काम केलं.

या जिबरेलिनचा शोधही भाताच्याच शेतातला. तैवानमध्ये काम करणारे जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा एका रोगाच्या मागे होते. त्यात भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढत, पिवळी पडत आणि आडवी होत. १९२६ मध्ये त्यांनी दाखवलं की रोग करणाऱ्या बुरशीचा नुसता गाळलेला अर्क दिला तरी रोपं तशीच उंच होतात. पुढे त्या अर्कातून जिबरेलिन वेगळं झालं, आणि ते निरोगी झाडं स्वतःही बनवतात हे समजलं. इंद्रायणीच्या घराण्याशीही याचं नातं आहे. आंबेमोहोर उंच वाढतो आणि वाऱ्या-पावसात लोळतो. फिलिपिन्समध्ये १९६६ साली आलेला आयआर ८ बुटका आणि ताठ. त्याच्या बुटकेपणाचं कारण २००२ मध्ये सापडलं: ताटात जिबरेलिन बनवण्याची एक पायरी त्याच्यात बिघडलेली आहे. मग त्याचा दाणा रुजतो कसा? भातात त्याच कामाची आणखी जनुकं आहेत आणि इतर जागी ती पुरेशी पडतात. ताट आखूड राहतं, दाण्यातला निरोप मात्र पोचतो.

पहिल्यांदा काय बाहेर येतं हे पाण्यावर ठरतं. हवा खेळती असेल तर मुळाचा मोड लवकर दिसतो. दाणा पाण्याखाली बुडालेला असेल आणि प्राणवायू मिळत नसेल तर भात मूळ आणि पानं थांबवून ठेवतो आणि खोडावरचं पांढरं आवरण तेवढं लांब, लांब करत पृष्ठभागाकडे पाठवतो. ते हवेला लागलं की त्या पोकळीतून प्राणवायू खाली येतो आणि मग मुळं फुटतात. गहू आणि बार्ली अशा वेळी कुजतात, कारण प्राणवायूवाचून त्यांना स्टार्च तोडता येत नाही. भाताला येतो. तरी सगळ्या वाणांना पुरेसा नाही. म्हणून पाण्याखालीही जोमानं रुजणारे वाण शोधून त्यांचे गुण इतरांत आणण्याचं काम जगभर चालू आहे. ते साधलं तर रोप करा, उपटा, पुन्हा लावा ही कमरेचा काटा ढिला करणारी मेहनत पुष्कळ कमी होईल.

तोवर लावणी आहेच. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी रोपं उपटून जुड्या बांधतात, तेव्हा एखादं रोप हातात घेऊन मुळं धुवावीत. बुडाशी पुष्कळदा तूस अजून चिकटलेलं असतं. ते दाबलं तर सपाट होतं. भावंड संपलेलं आहे. आता पानं खालून वर मोजायची, पातं नसलेलं सगळ्यांत खालचं आवरण सोडून. पहिली तीन गेल्या वर्षी लोंबीवरच घडलेली होती, आणि ती उलगडली बहुतांशी भावंडाच्या साखरेवर. चौथं पान पेरणीनंतर घडलेलं. ते उलगडता उलगडता शिदोरी संपते, आणि तिथून पुढे हे रोप आपलं अन्न आपण करतं.